‘अ’ गळलेली जागा

जाहिरात चार ओळींची होती. तिनं मला फसवलं असं मी बरीच वर्षं सांगत असे, पण खरं म्हणजे पहिल्यांदा मी माझी मीच फसले. जाहिरातीनं फसवण्याचा आपला वाटा नंतर वेगळा उचलला. तो पुढं येईलच.

लग्न होऊन झाशीत येऊन मला आठ महिने झाले होते. माहेर खानदेशातलं, नवराही मूळचा तिकडचाच, रेल्वेत मालगाडीचा गार्ड. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, मागच्या अंगणात दोरी, आणि दोरीवर वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्यावर इंजिनाची काजळी. गार्डाचं काम असं की दुपारी डबा घेऊन गेलेला माणूस परवा सकाळी उगवणार. मी इतिहास घेऊन एम.ए. झालेली, पहिल्या वर्गात, मोडी वाचता येणारी. आणि दिवसभर करायचं काय, तर दोन माणसांचा स्वयंपाक, त्यातलं एक माणूस बहुधा बीना नाहीतर ग्वाल्हेरला. मला नोकरी हवी होती. हौस म्हणून नव्हे आणि वेळ जावा म्हणूनही नव्हे. माझ्या डोक्याला काम हवं होतं, आणि ते नसल्यामुळे मी भांड्यांवर राग काढायला लागले होते. तेवढ्या आठ महिन्यांत आमच्या घरातल्या एकाही पातेल्याचा काठ सरळ राहिला नव्हता.

नवरा ड्यूटीवरून येताना स्टेशनवरच्या स्टॉलवरून नोकऱ्यांच्या जाहिरातींचं एक स्थानिक साप्ताहिक आणायचा. त्यात एके दिवशी हे दिसलं:

“आवश्यकता है: संशोधन-कार्य हेतु सुशिक्षित महिला की। पद स्थायी। वेतन योग्यतानुसार। प्रमाणपत्र सहित स्वयं मिलें, सदर बाज़ार।”

मी ते तीनदा वाचलं. संशोधन! झाशीत! पण का नसावं? इथं मराठी फौजा येऊन राहिल्या, कारकून आले, त्यांची दप्तरं आली. ती कागदपत्रं कुठल्यातरी गाठोड्यात असणार, कुणा जाणत्या माणसानं ती सोडवायला घेतली असणार, आणि त्याला मोडी वाचणारी सुशिक्षित महिला हवी असणार. जाहिरातीत मोडीचा म सुद्धा नव्हता. तो मी माझ्या पदरचा घातला.

नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याचं हिंदी प्लॅटफॉर्मवर शिकलेलं, त्यामुळे ते गाड्या आणि सिग्नल यांच्यापुरतंच. तो म्हणाला, “संशोधन? मग तुझ्यासाठीच छापलंय. जा की.”

जाण्याच्या आधी मी एक आगाऊपणा केला. बाबांना पत्र टाकलं. बाबा शाळामास्तर, मला एम.ए. करण्यासाठी अख्ख्या भावकीशी भांडलेले. मी लिहिलं, “झाशीत मला संशोधनाचं काम मिळत आहे.” मिळालं असं लिहिलं नाही, मिळेल असंही लिहिलं नाही. दोन्हींच्या मधलं, पुढच्यानं हवं ते समजावं असं क्रियापद निवडलं. जाहिराती कशा लिहितात हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी ते मला छान जमलं होतं.

सदर बाजारात पत्ता सापडला तो एका छापखान्याचा. मला वाटलं, संशोधनाची कचेरी आत असेल. फिकट निळी रेशमी साडी नेसून, प्रमाणपत्रं आणि माझा प्रबंध छातीशी धरून मी आत गेले. मालक पन्नाशीचे होते, तोंडात पान, बोलणं गोड.

“बैठिए बहनजी। संशोधन का अनुभव है?”

“जी। दो साल का।”

“वाह। किस चीज़ का संशोधन किया आपने?”

“पुराने रास्तों का। मराठों के समय के घाट के रास्ते।”

मालकांचं पान चघळणं थांबलं. “रास्तों में क्या ख़राबी थी?”

मला वाटलं, गृहस्थ विषयात शिरताहेत. मी उत्साहानं म्हटलं, “ख़राबी नहीं, कई रास्ते तो अब मिलते ही नहीं।”

“अच्छा, अच्छा। तो आप सड़क महकमे में थीं!”

मागं कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, खणांसमोर उभा असलेला एक म्हातारा कंपोझिटर, कपाळावर चष्मा, बोटं काळी. तो शाईनं ओला असलेला एक लांब कागद घेऊन आला, माझ्यासमोर ठेवला आणि चक्क मराठीत म्हणाला, “बाईजी, इकडे संशोधन म्हणजे गलती दुरुस्त करणं. छापायच्या आधी प्रूफ वाचायचं, चूक काढायची. आपण मराठीतलं संशोधन घेऊन आलात न, हे हिंदीतलं आहे.”

माझे कान तापले. मला अशा वेळी रडू येत नाही, राग येतो, आणि तो कुणावर काढावा ते समजत नाही. मालकांवर काढावा तर त्यांचा शब्द त्यांच्या भाषेत बरोबर होता. शब्दावर काढावा तर शब्द दोन्ही घरी प्रतिष्ठित. मी प्रबंध उचलला. तेवढ्यात बाबांना टाकलेलं पत्र आठवलं. ते आतापर्यंत भुसावळच्या पुढं पोचलं असणार, आणि संध्याकाळी बाबा ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचणार.

“बसा,” म्हातारा हळूच म्हणाला. “काम खरं आहे. जाहिरात खोटी आहे.”

पहिलं वाक्य मला समजलं. दुसऱ्याचा अर्थ समजायला महिना लागला. मी प्रबंध खाली ठेवला आणि तो ओला कागद ओढून घेतला. त्या एका कागदावर सतरा चुका काढल्या. मालक म्हणाले, “कल से आइए।”

घरी आले तर नवरा जमिनीवर बसून लेईनं कागदाच्या पट्ट्या चिकटवत होता. रेल्वेच्या नियमांच्या पुस्तकात नियम बदलला की वरून पट्टी येते, आणि प्रत्येक गार्डानं ती आपल्या पुस्तकात जुन्या नियमावर चिकटवायची असते. ते सगळे तिला करेक्शन स्लिप म्हणायचे. मी त्याला सगळी फजिती सांगितली. तो इतका हसला की लेईची वाटी कलंडली. मी पट्टी उचलली. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला हिंदी, आणि हिंदी बाजूला ठळक अक्षरांत छापलेलं: संशोधन पर्ची.

“किती वर्षं चिकटवतोयस हे?” मी विचारलं.

त्यानं पट्टी उलटीसुलटी पाहिली. “सहा. पण ही बाजू चिकटून खाली जाते ना.”

त्यानंतर कधीही मला कुणी शहाणपण शिकवायला आलं की मी त्याला या खाली गेलेल्या बाजूची गोष्ट सांगते.

मी रोज जायला लागले. छापखान्यात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांचे निकाल छापत, पण मुख्य काम त्या साप्ताहिकाचं. ते सगळं माझ्या टेबलावरून जायचं. मालकांचा नियम एकच होता, आणि तो ते भिंतीकडे बोट करून सांगायचे, जणू तिथं लिहिला आहे: संशोधनवालीची जशी खूण, तसंच छापणार, मला विचारायला येऊ नका. त्यांना प्रूफ वाचायचा कंटाळा होता. म्हाताऱ्या कंपोझिटरनं, त्यांना मी काका म्हणायला लागले होते, मला खुणा शिकवल्या. अक्षर काढायचं तर त्यावर आडवी रेघ आणि समासात आकडी. अक्षर घालायचं तर खाली छोटी दुबेळकी खूण, तिला काकपद म्हणतात. कावळ्याचा पाय. मला ती खूण फार आवडली. एवढासा पाय, पण तो उमटला की शिशाला जागा करून द्यावी लागते.

काका तिथल्या जुन्या मराठी घरातले. पूर्वज फौजेबरोबर आले, त्याला किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्यांची मुलं मराठी समजत पण बोलत नसत. काकांचं मराठी अर्धं हिंदीत भिजलेलं आणि उरलेलं इतकं जुनं, की ते शाईच्या बाटलीला दौत म्हणायचे आणि फाइलीला दप्तर. माझ्याशी बोलताना ते अडखळायचे, मग खूश व्हायचे.

महिना संपला. मी मालकांसमोर उभी राहिले. मालक गोड हसले. “बहनजी, तीन महीने तो सीखने के हैं। उसमें वेतन कहाँ? और उसके बाद भी देखेंगे। पद तो अस्थायी है।”

मी पिशवीतून जाहिरातीचं कात्रण काढलं आणि ‘पद स्थायी’वर बोट ठेवलं.

मालकांनी चष्मा लावला. कात्रण खिडकीशी नेऊन पाहिलं. मग इतक्या खऱ्याखुऱ्या दुःखानं मान हलवली की क्षणभर मलाच त्यांची दया आली. “अरे राम। ‘अ’ छूट गया। छापे की भूल! देखा आपने? इसी लिए तो हमें संशोधनवाली की ज़रूरत है।”

त्या बोलण्याला कुठून धरावं असा कोपराच नव्हता.

मी खिळ्यांच्या खोलीत जाऊन कात्रण काकांपुढं आपटलं. त्यांनी ‘अ’चा खण बाहेर ओढला. काठोकाठ भरलेला होता, शिशाचे चकचकीत अ.

“अ इथं कमी नाही पडत, बाईजी,” ते म्हणाले. “दर तीन महिन्यांनी एकदा गळतो. तोही याच एका जाहिरातीत. तुमच्या आधी अशाच बाया आल्या न, पढ्यालिख्या, चांगल्या घरच्या. तीन महिने बसल्या, गेल्या. आमच्या घरात जुने लोक याला उमेदवारी म्हणत. दफ्तरात बिनपगारी बसायचं, उमेद धरून. पण तेव्हा सांगून बसवत. आणि ‘प्रूफ’ हा शब्दही मालक मुद्दाम घालत नाही. प्रूफ म्हटलं तर पढीलिखी बाई येत नाही, म्हणतात.”

“आणि अ काढतं कोण?”

काकांनी आपली काळी बोटं पुढं केली. “हात माझा आहे,” ते म्हणाले. “मालकानं सांगितलं, मी काढला.”

शहाणी बाई त्या दिवशी घरी गेली असती. नवराही म्हणाला, सोड. पण त्याच आठवड्यात बाबांचं पत्र आलं. “अभिनंदन. संशोधनाचा विषय काय ते सविस्तर कळव. सगळे विचारतात.” मी उत्तर लिहिलं नाही. लिहायला विषय नव्हता, आणि ‘फसले’ हा विषय बाबांना लिहायची माझी तयारी नव्हती. उरलेले दोन महिने काढायचे आणि ती जागा, जाहिरातीत छापली तशी, अ शिवाय, मिळवूनच घरी बसायचं, असं मी ठरवलं. कशी मिळवायची ते ठरवलं नव्हतं. रागाच्या भरात ठरवताना तेवढा तपशील राहून जातो.

शिवाय मला कामाची गोडी लागली होती, हेही खरं. मंगळवारी अंक निघायचा आणि स्टॉलभोवती तरुणांचं कोंडाळं जमायचं. कुणी बी.ए., कुणी दहावी नापास, कुणी मऊरानीपूरहून सकाळच्या गाडीनं आलेला. एकेक अंक चौघांत वाटून घ्यायचे, पेन्सिलीनं गोल करायचे. सगळ्यांना रेल्वे हवी होती. वर्कशॉप, शेड, काहीही, पण रेल्वे. रेल्वेत जागा निघायच्या मोजक्या, आणि उरलेल्या पानांवर जे छापलं जायचं ते मी रोज वाचत होते. तोवर मला ती भाषा पाठ झाली होती. ‘आकर्षक वेतन’ म्हणजे आकडा सांगायची लाज वाटते. ‘मेहनती युवक’ म्हणजे हमाल. ‘क्षेत्र अधिकारी’ म्हणजे सायकल तुमची, दारोदार साबण विकायचा. ‘रेलवे से संबंधित’ म्हणजे रुळांच्या शेजारी कुठंतरी. शुद्धलेखनाच्या चुका मी काढत होते आणि त्यामुळे ही थापेबाजी अधिक सुबक होऊन बाहेर पडत होती. ते मला टोचायला लागलं. माझ्यासारखंच कुणीतरी चांगले कपडे घालून त्या पत्त्यावर जाऊन बसणार, हे प्रत्येक ओळीला दिसायचं.

एके दिवशी मालक बाहेरगावी असताना मऊरानीपूरचा एक धान्याचा व्यापारी तणतणत आला. त्याची जाहिरात दर पंधरवड्याला असायची: ‘अनाज गुणवत्ता निरीक्षक चाहिए’. तो बुंदेलीत ओरडत होता, “तुमाये छापे में दोष है! आदमी आउत है, चार दिना में भाग जात है।”

मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं की निरीक्षकाला करायचं काय असतं. तो म्हणाला, करायचं काय, चणा चाळायचा. कुठं? अंगणात. सावली? सावली कुठली आली. दिवसभर? दिवसभर. पण जेवण दुपारी घरचं, आणि शनिवारी पैसे हातात, त्यात कधी चुकारपणा नाही, हे त्यानं अभिमानानं सांगितलं.

मी म्हटलं, “तो यही छापते हैं।” आणि लिहिलं: ‘मऊरानीपुर में चना छानने वाला चाहिए। काम धूप का है। दोपहर का भोजन घर का। हर शनिवार पैसा।’

व्यापाऱ्यानं कागद उलटा करून पाहिला, मागं अजून काही आहे का म्हणून. “इत्तोई? ऐसे में को आहै?” कोण येणार असल्या जाहिरातीला! पण वैतागला होता, हो म्हणून गेला. मी खूण केली, काकांनी जुळवलं, छापून झालं. मालकांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढं तीन महिने भरत आले. आणि एका सकाळी माझ्या टेबलावर ताज्या प्रुफात ती आली. तीच ती. ‘संशोधन-कार्य हेतु सुशिक्षित महिला. पद स्थायी. वेतन योग्यतानुसार.’ माझ्या जागी दुसरी आणण्याची जाहिरात, आणि ती शुद्ध करायला माझ्याच पुढ्यात.

मालकांनी मुद्दाम दुष्टपणा केला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी विचारच केला नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला. मी पेन उचललं. मनात आलं, काय काय लिहावं! लबाड, तोंडदेखले, अजून पुष्कळ होतं. मग वाटलं, नको. मला इथं बसवलंय ते चुका काढायला, शिव्या द्यायला नाही. मी फक्त तीन दुरुस्त्या केल्या. ‘संशोधन’च्या आधी काकपद, समासात: प्रूफ. ‘स्थायी’च्या आधी काकपद, समासात: अ. ‘वेतन योग्यतानुसार’वर रेघ, समासात: पहले तीन महीने वेतन नहीं.

काकांनी प्रूफ वाचलं. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि पुन्हा वाचलं.

“हे छापलं तर तुमची जागा गेली, बाईजी.”

“ती तशीही चाललीय, काका. आणि तुम्हाला काही बोलतील?”

“नियम आहे न. संशोधनवालीची खूण, तेच छापणार.” त्यांनी प्रूफ माझ्याकडे सरकवलं. “खाली सही करा आपली. मोठी करा.”

मी सही केली. त्यांनी खण ओढला आणि ‘अ’ उचलून जागेवर बसवला. इतक्या हळू बसवला की मला बघवेना. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

मंगळवारी अंक निघाला. बुधवारी सकाळी मालक नेहमीप्रमाणे केस नीट विंचरून, टेबल पुसून घेऊन मुलाखतींना बसले. नऊ वाजले, दहा वाजले. कुणी आलं नाही. अकराच्या सुमारास दतिया गेटकडच्या एक वयस्कर बाई आल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. मालक उठून उभे राहिले. त्या म्हणाल्या, “नहीं नहीं, नौकरी नहीं चाहिए। बस देखने आई थी कि इतना सच्चा विज्ञापन किसने दिया। जीते रहिए।” आणि गेल्या.

मालकांनी अंक मागवला. वाचला. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आणि, खोटं कशाला बोलू, मला विलक्षण आनंद झाला.

“ये किसने किया?”

“मैंने,” मी म्हटलं. “हर बार ‘अ’ छूट जाता था। आपने ही बताया था। मैंने लगा दिया।”

“बहनजी, आपको पता है आपने क्या...”

“संशोधन,” मी म्हटलं.

ते ओरडले. पुष्कळ ओरडले. छापखान्याची इज्जत, तुमच्यावर टाकलेला विश्वास, सगळं बाहेर निघालं. मी आत जाऊन पिशवी आणि डबा उचलला. जिंकले असं वाटत होतं आणि हातात काही नव्हतं, आणि बाबांना आता काय लिहायचं हा प्रश्न तसाच होता. दारापर्यंत पोचले आणि समोरून मऊरानीपूरचा व्यापारी आत घुसला.

“बाई किते जा रईं? रुको!” त्यानं मला दारातच अडवलं आणि मालकांकडे वळला. “जौ आदमी तो टिक गओ! पूरो महीना हो गओ, भगो नईं। दो जने और चाने हैं। और हमाये भइया खों आढ़त पे मुनीम चाने है। पै लिखहै जेई बाई। दूसरे के हाथ को हम नईं छपाउत।”

माणूस टिकला होता, त्याला अजून दोघं हवे होते, भावाला अडतीवर मुनीम हवा होता, आणि जाहिरात लिहिणार ती हीच बाई. मालकांनी व्यापाऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात काय हललं ते दिसत होतं. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त सगळं उधारीवर चालतं अशी त्यांची समजूत होती, माणसंसुद्धा.

“बैठिए बहनजी,” ते म्हणाले. “चाय मँगवाते हैं।”

मी बसले नाही. उभ्यानंच दोन गोष्टी सांगितल्या. एक, जागा कायम, पत्रावर, पगार या महिन्यापासून. दोन, यापुढं नोकरीची एकही जाहिरात मी जाऊन विचारल्याशिवाय छापायची नाही. काम काय, कुठं, किती वेळ, पैसे कधी. बाहेरगावची असेल तर पत्र टाकून विचारीन.

“ये कौन-सा संशोधन हुआ?” मालक वैतागून म्हणाले.

खिळ्यांच्या खोलीतून काका म्हणाले, “जी, ये मराठीवाला है।”

मला आयुष्यात पुष्कळ कौतुक मिळालं, पण इतकं गोड एकही लागलं नाही. प्रबंध घेऊन मी त्या दारातून आत आले होते तेव्हा चुकीचा शब्द घेऊन आले होते. आता त्याच शब्दाला टेबल मिळणार होतं. काही जाहिरातदार चिडून गेले, साबणवाला तर शाप देऊन गेला. पण अंकावर ‘पूछकर छापा’ अशी ओळ यायला लागली आणि स्टॉलभोवतीची पोरं आधी ती ओळ शोधायला लागली. पुढची कितीतरी वर्षं मी सायकलरिक्षानं, एसटीसारख्या खिळखिळ्या बसनं, कधी नवऱ्याच्या ओळखीनं पॅसेंजरमध्ये कोपऱ्यात बसून, जाहिरातींच्या मागं असलेल्या खोल्या, गोदामं आणि अंगणं बघत फिरले. घाटातल्या रस्त्यांपेक्षा त्या शोधायला कठीण होत्या.

पण ते नंतरचं. त्या आठवड्यात माझ्या नेमणुकीचं पत्र निघालं. मालकांनी मजकूर हातानं लिहून दिला, काकांनी जुळवला, आणि छापखान्यातलं सगळं जसं येतं तसं त्याचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं. मी ते पेन हातात धरूनच वाचलं. नाव बरोबर, पत्ता बरोबर, पगार ठरला तसा. तिसऱ्या ओळीत होतं: ‘यह पद अस्थायी है’.

जिथं हवा तिथं दर वेळी गळणारा ‘अ’ इथं मात्र अगदी ठणठणीत बसला होता. सवयीनं पडला की मालकांनी शेवटचा हात मारून पाहिला, मी विचारलं नाही. मी त्यावर आडवी रेघ मारली, समासात आकडी काढली आणि कागद घेऊन काकांकडे गेले.

त्यांनी जुळवलेल्या ओळीवरचा दोरा सैल केला, चिमट्यानं तो ‘अ’ उचलला, बाकीची अक्षरं अंगठ्यानं एकमेकांना भिडवली. मग ‘अ’ खणात टाकायला हात नेला आणि मध्येच थांबले. फडक्यानं त्याची शाई पुसली आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

“हा तुम्हीच ठेवा, बाईजी,” ते म्हणाले. “परत कुणाच्या जागेपुढं बसायला नको.”

मी तो मुठीत धरूनच बाहेर पडले. पोस्टात गेले, कार्ड घेतलं आणि उभ्याउभ्या डाव्या मुठीनं कार्ड दाबून उजव्या हातानं बाबांना लिहिलं, “जागा कायम झाली. विषय विचारला होतात, तो एका अक्षराचा आहे. ते अक्षर माझ्याजवळ आहे, आल्यावर दाखवीन, पण देणार नाही.”